हिरडीटोल्याचा झिरा आणि माझी खोडलेली सही

हे लिहायला मला संकोच वाटतो. प्रवास म्हणावा असा हा मोठा प्रवास नाही. वरोऱ्याहून निघाले, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात तीन रात्री राहिले आणि परत आले. पण तिथे पोचल्या दिवशीच मी एक चूक केली, तीही सहीनिशी. ती तशीच राहिली असती तर गावाचा पिण्याच्या पाण्याचा झरा कागदावरून पुसला गेला असता. म्हणून लिहिते.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात, आई घरी शिवणकाम करते. फील्डवर्कला जायचं आहे असं सांगितलं तेव्हा आईनं मशीन थांबवून विचारलं, "एवढं शिकून वावरातच कामाले चालली का?" मी समजावलं की सरांनी एक छापील तक्ता दिलाय. गावात कोणतं पाणी पितात ते विचारून तो भरायचा, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यायची आणि एक कॉलेजात. आई म्हणाली, "मंग नीट इचारजो." तिचं ऐकलं असतं तर हा लेखच झाला नसता.

चामोर्शीच्या पुढे

चंद्रपूरला बसस्टँडवर निखिल भेटला. हा माझ्या वर्गातला, बल्लारपूरचा. वडील मोटरसायकलवर कामाला जातात आणि हा त्याच मोटरसायकलवर कॉलेजला येतो, त्यामुळे दोघांपैकी एकाला रोज उशीर होतो असं तो सांगतो. त्याच्या पाठीवर घरून आणलेल्या पाण्याच्या चार बाटल्या होत्या. "जंगलात जाऊन राह्यलो आपण," तो म्हणाला, "तिथलं पाणी कोण पिते?"

मूल गाव मागे टाकलं आणि हरणघाटाच्या पुलावर वैनगंगा दिसली. मार्च महिना. पात्रात रेतीच रेती, मधून दोन-तीन बारीक धारा, आणि त्या धारांच्या काठाने लावलेल्या डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-काकडीचे मळे. पुलाच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. आमच्या वरोऱ्याकडे या दिवसांत कापसाच्या पऱ्हाट्या उपटून शेत काळंभोर पडलेलं असतं. इथे धानाच्या बांध्या होत्या, चौकोनी खाचरं, कापणीनंतर धसकटं उरलेली, आणि प्रत्येक बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एखादं मोहाचं झाड. चामोर्शीत त्या दिवशी बाजार होता. आम्ही लाखोळीची डाळ, बटाटे आणि मिठाचा पुडा घेतला. कुणाच्या घरी राहायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आईनं बजावलं होतं. पुढे जीप, आणि जीप सोडल्यावर पळसाच्या लाल रानातून तासभर पायी.

हिरडीटोला म्हणजे तीसेक घरं. सारवलेली अंगणं, बांबूची कुंपणं, आणि गावाच्या पाठीशी लागूनच एक जंगलाची डोंगरी. ग्रामसभेचे अध्यक्ष रैनूभाऊ यांनी "जोहार" म्हणून आम्हाला खाटेवर बसवलं. त्यांच्या आईनं, जानोबाईनं, चकचकीत स्टीलच्या लोट्यात पाणी आणलं. बाईचं वय सत्तरीच्या पुढे असावं. हातात चांदीची जाड कडी, चाल माझ्यापेक्षा जलद.

पाणी तोंडात घेतलं आणि मला लहानपणी गंजलेला खिळा चाटला होता त्याची आठवण झाली. तरी सगळं प्यायले. मग चहा आला, तो काळपट होता. निखिलनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"भाऊ, हे पाणी कुठलं?" मी विचारलं.

"बोरिंगचं," रैनूभाऊंनी अंगणापलीकडच्या हातपंपाकडे बोट केलं.

मी तक्ता काढला. पिण्याच्या पाण्याचा स्रोत: हातपंप. चव: लोखंडासारखी. इतर स्रोत: नाही. खाली माझी सही, निखिलची सही. संध्याकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई मोटरसायकलवर आला होता, त्याच्याकडे एक प्रत देऊनही टाकली. पहिल्याच दिवशी निम्मं काम झालं म्हणून मी खूश होते. रात्री भात आणि अंबाडीची आंबट भाजी जेवलो. भाताबरोबर आलेल्या मातीच्या भांड्यातल्या पाण्याला लोखंडाची चव नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. भूक फार लागली होती.

डोंगरीवर

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जानोबाईनं मला हलवलं. "ऊठ वं पोरी. मोह वेचाले येतं म्हणली होतीस ना?"

मी असं कधी म्हणाले होते मला आठवत नव्हतं, पण उठले. निखिलही डोळे चोळत मागे आला. मोहाची फुलं रात्रभर गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचायची असतात. हे मला माहीत होतं. हेही माहीत होतं की फुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून टाकतात. वाटेत खालच्या सपाटीवर तशी काळी वर्तुळं प्रत्येक झाडाखाली दिसलीच. पण डोंगरी चढायला लागलो तशी ती वर्तुळं संपली. इथे मोहाखाली जमीन झाडलेली होती. पाच-सहा बाया खराट्याने पाचोळा ओढत होत्या आणि तो उताराला आडवा, लांबच लांब ओळीत लावत होत्या, धुऱ्यासारखा.

"बाई, इथी जाळत काऊन नाई?" मी विचारलं. माझ्या तोंडून कॉलेजातली भाषा गळून पडली होती.

"ही झिऱ्याची डोंगरी हाय." जानोबाई वाकलेलीच बोलत होती. "खाली जाळा, कोनी काई म्हणत नाई. इथी काडी लावली तर पंच बसते. पानं जळली का माती उघडी पडते. मंग पाऊस येते अन् पळून जाते. पानं असली तर पाणी बसते, मुरते. अन् उन्हाळ्यात हळूहळू खाली येते."

निखिल म्हणाला, "बाई, म्हंजे तुमचा खराटाच धरण हाये."

"धरण फुटते गा," ती म्हणाली. "खराटा झिजला तर मी नवा बांधते."

बाया हसल्या. जाळायला अर्धा तास लागतो, झाडायला अख्खा महिना पहाटे उठावं लागतं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्याचा पगार नाही, आणि कोणत्याच तक्त्यात त्याला रकाना नाही.

टोपल्या भरल्यावर आम्ही झिऱ्यावर गेलो. दोन उंबर आणि एक जांभूळ, त्यांच्या मुळांमधल्या खडकाच्या फटीतून पाणी येत होतं. मोठा धबधबा वगैरे काही नाही, मनगटाएवढी धार. ती एका कुंडात पडते, तिथून दुसऱ्या कुंडात, मग तिसऱ्यात. जानोबाईनं चपला लांबच काढायला लावल्या. वरचं कुंड फक्त पिण्याचं, मधलं भांड्यांचं, खालचं गुरांचं आणि कपड्यांचं. तिथून पुढे पाणी गावाच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, आणि बोडीतून धानाला.

हे ऐकायला निखिल थांबला नव्हता. त्यानं वरच्या कुंडात दोन्ही हात घातले आणि खळखळून तोंड धुतलं.

"ए बल्लारपूर!" एवढा मोठा आवाज जानोबाईचा असेल असं वाटलं नव्हतं. निखिल जागच्या जागी ओला उभा. "पेनाच्या तोंडात हात घालतं का? पेन म्हंजे देव हाय आमचा. इथी तुंब्याशिवाय कोनाचा हात लागत नाई."

"चुकलं बाई, मले माईत नव्हतं."

"माईत नाई तर इचाराव. दंड पडन."

दंड म्हणजे खराटा. त्या मोठ्या मोहाखालचं सगळं झाडायचं, एकट्यानं, आत्ताच. निखिलनं तो भरला. हाताला फोड आल्यावर त्यानं मला दाखवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "तक्त्यात लिही, पाणी कठीण आहे." मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकणार नव्हतं.

जानोबाईनं तुंबा, म्हणजे वाळवलेल्या दुधीचं ते भांडं, वरच्या कुंडात बुडवून माझ्यापुढे धरला. पाणी गोड होतं असं लिहायचा मोह होतो, पण तसं नाही. त्या पाण्याला चवच नव्हती. कालच्या लोट्यानंतर हे केवढं मोठं आहे ते मला कळलं. मी तीन वेळा प्यायले.

मग विचारलं, "तुम्ही रोज हेच पिता?"

"मंग काय पिऊ?"

"बोरिंगचं?"

"ते काय पाणी हाय? त्यात भात शिजवला तर लाल होते."

"मग काल आम्हाले ते काऊन दिलं?"

तिनं मला वेडी आहे अशा नजरेनं पाहिलं. "पाहुण्याले डोंगरीचं उघडं पाणी देऊ का? मागं एक सायेब आला होता. मी तुंबा पुढं केला, तर त्यानं तोंड वाकडं केलं अन् आपली बाटली काढली. सगळ्यांसमोर. तवापासून कोनी बाहेरचा आला का त्याले बोरिंगचं, स्टीलच्या लोट्यात."

मी तिथेच दगडावर बसले. आमच्या घरी नळ येतो, आम्ही चौघं तेच पाणी पितो. पण पाहुणा आला की आई कोपऱ्यातल्या विकतच्या कॅनचं पाणी काचेच्या ग्लासात देते. 'लोक काय म्हणतीन,' म्हणते. जानोबाईचा लोटा आणि आईचा ग्लास एकच होता, आणि मला तो ओळखता आला नाही. जो कुणी हिरडीटोल्यात पाणी विचारायला आला, त्याला गावाने मानाने बोरिंगचं पाणी पाजलं. प्रत्येकानं ते प्यायलं किंवा प्यायल्यासारखं केलं, आणि 'हातपंप' लिहून निघून गेला. काल मीही तेच केलं.

परतल्यावर रैनूभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मला खाटेवर बसवलं. मग म्हणाले, "उद्या तहसीलचा सायेब येते. डोंगरीवर गिट्टीची खदान मागितली हाय एका ठेकेदारानं. सायेब म्हणते का, त्या डोंगरीवर गावाचं पाणी हाय असं एका बी कागदात नाई. सगळ्या कागदात बोरिंग."

"माझ्या बी कागदात," मी म्हणाले.

"हो ना. तुझा तर सगळ्यात ताजा हाय."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जावा पुढे सरकवला. ही इथली तांदळाची पेज, उन्हाळ्यात सगळे दिवसभर पितात. झिऱ्याच्या पाण्यात केलेली. 

दुपारी मोबाइलला रेंज मिळते त्या एकमेव खडकावर चढून मी सरांना फोन केला. सर वाईट नाहीत. ते म्हणाले, "वर्षा, तक्ता गेला ना? आता दुरुस्तीच्या भानगडीत पडू नकोस. चुकीचं सर्वेक्षण म्हणून तुझेच मार्क जातील. अहवालात तळटीप दे."

सरांना उलट बोलण्याची माझी हिंमत नसते. तरी तोंडून गेलं, "सर, तळटीप वाचून कोणी खदान थांबवतं का?" तेवढ्यात रेंज गेली. त्यांनी ते ऐकलं की नाही, अजून माहीत नाही. मी विचारलेलंही नाही.

चिंचेखाली

तिसऱ्या दिवशी सकाळी रैनूभाऊंची बायको नेहमीसारखी लोटा घेऊन बोरिंगकडे निघाली, तर जानोबाईनं तिला अडवलं. "आज बोरिंगचं पाणी नाई."

"आई, सायेब पाहुणा हाय," रैनूभाऊ म्हणाले.

"म्हणून तं. पाहुण्याले आपलं द्याव. इतके दिवस लाज वाटली, त्याचंच तं हे झालं."

ग्रामसभेसाठी चिंचेखाली सतरंजी अंथरली होती. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि मधे झिऱ्यावरून आणलेले आठ-दहा तुंबे. साहेब आले, त्यांच्याबरोबर ड्रायव्हर. साहेबांच्या हातात फाइल आणि पाण्याची बाटली. आवाज चढवणारे साहेब नव्हते ते, सगळं समजावून सांगत होते. रस्ता होईल, गाडी येईल, दवाखाना जवळ येईल. मग त्यांनी फाइल उघडली.

"पाण्याचा प्रश्न येतच नाही. हा बघा, परवाचाच कागद. कॉलेजच्या शिकलेल्या मुलांनी स्वतः येऊन लिहून दिलंय. स्रोत हातपंप. इतर स्रोत, नाही."

सगळं गाव माझ्याकडे वळलं.  मी आयुष्यात कधी सभेत बोललेले नाही. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज बसतो. उठले तेव्हा निखिलनं खालून माझ्या ओढणीचं टोक धरलं. आधार म्हणून की बस म्हणून, ते मी विचारलं नाही.

"सायेब, तो कागद माझा आहे," मी म्हणाले. "चुकीचा आहे."

"चुकीचा म्हणजे? सही तुमची ना?"

"सही माझीच. मी पाहुणी म्हणून मले दिलेलं पाणी पिलं, अन् गाव तेच पिते असं लिहून टाकलं. तुम्ही कोणतं पिता, हे मी गावाले विचारलंच नाई. या गावाचं पाणी डोंगरीवर आहे. मी पाहिलं, मी पिलं."

"बाळ, असं रोज मत बदललं तर कागदाला अर्थ काय राहील?"

"मत नाई बदललं सायेब. पाणी तिथंच होतं. माझं लिहिणं चुकलं."

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. ऊन चढलं होतं. त्यांनी बाटली तोंडाला लावली, ती रिकामी होती. ड्रायव्हरनं केव्हाच एक तुंबा उचलून गटागटा पिऊन टाकला होता आणि दुसऱ्याकडे पाहत होता. जानोबाई उठली. तिनं तुंबा दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला. तिचा हात जराही हलला नाही. मागच्या वेळी याच गावात दुसऱ्या एका साहेबानं तोंड वाकडं केलं होतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

साहेबांनी तुंबा घेतला. थोडं प्यायले, थांबले, आणि मग संपवला.

"अजून देऊ?" जानोबाईनं विचारलं.

त्यांनी मान डोलावली. तिनं दुसरा तुंबा दिला. तोही संपला. मग ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आता लिहा. जे पिलं ते लिहा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन काढलं, पण स्वतः लिहिलं नाही. कागद माझ्याकडे सरकवला. "तुमची चूक आहे, तुम्ही दुरुस्त करा. खाली तारीख टाका. ग्रामसभेचा ठराव मी जोडतो. पुढचं वर ठरेल."

मी 'हातपंप' खोडला. 'नाही' खोडलं. शेजारी लिहिलं: झिरा, डोंगरीवर, बारमाही, सगळं गाव पितं. जागा पुरेना म्हणून समासात आडवं लिहिलं: वरच्या जंगलातला पाचोळा गाव जाळत नाही, पाणी त्यामुळे टिकतं, डोंगरी फोडली तर ते राहणार नाही. जुनी सही खोडून नवी केली. निखिलनंही पेन मागितलं. "मार्क गेले तर दोघांचे जाऊ दे," तो म्हणाला. त्याच्या फोड आलेल्या हाताची सही जरा वाकडीच आली. मग एकेक करून गावाने अंगठे आणि सह्या केल्या, बायांनी आधी.

परत

खदानीचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. ते माझ्या हातात आहे असं मी म्हणत नाही. रैनूभाऊ त्या खडकावर चढून अधूनमधून फोन करतात. झिरा वाहतोय, एवढं प्रत्येक वेळी आधी सांगतात.

दुरुस्त केलेल्या कागदाची प्रत मी कॉलेजात दिली. सर म्हणाले, "खाडाखोड फार आहे. स्वच्छ प्रत काढून आण." मी दोन दिवस विचार केला आणि त्यांना जाऊन सांगितलं की काढणार नाही. मार्क कापायचे तर कापा. ती खाडाखोड दिसलीच पाहिजे. स्वच्छ प्रत काढली तर असं वाटेल की मला पहिल्यापासून सगळं कळत होतं, आणि माझ्यानंतर तक्ता घेऊन जाणारा कुणी पुन्हा पहिल्या लोट्यावर विश्वास ठेवून परत येईल.

येताना जानोबाईनं मला एक तुंबा भरून दिला. अर्धं पाणी जीपमध्ये सांडलं. उरलेलं मी घरी काचेच्या ग्लासात ओतून आईला दिलं. ती प्यायली, ग्लास उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "कोणत्या कंपनीचं हाय?" मी तिला सगळं सांगितलं, खराट्यापासून. पाहुण्यांसाठी कॅन अजून आहेच, पण ते पाणी कोणत्या जमिनीतून उपसून येतं हे आता आई कॅनवाल्याला दर वेळी विचारते. तो तिला पाहिलं की लवकर निघून जातो.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, आणि कुणी चकचकीत लोटा पुढे केला, तर तो नाकारू नका. घ्या, प्या. पण लोटा परत देताना विचारा, "बाई, तुम्ही स्वतः कोणतं पिता?" आणि ते मागा. मग वहीत काही लिहायचं असेल तर ते लिहा.